कपल डान्सची धडधड आणि आमचे ९० सेकंद

हेडफोन लावलेत ना? आणि जे ऐकण्याऐवजी वाचताय, त्यांचंही स्वागत. बोलताना अडखळलेली वाक्यं इथे जरा सरळ केली आहेत, बाकी सगळं बोलले तसंच.

लग्नसराई जवळ आली की इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, संगीतला आमचा कपल डान्स ठेवलाय. मला नाचता येत नाही. काय करू?" कुणी रिसेप्शनचं विचारतं, कुणी साखरपुड्याचं. प्रश्न तोच. शंभर-दोनशे माणसं बघत असणार, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि मध्ये आपण दोघं.

आज याचं उत्तर देते. पण मी काही डान्स टीचर नाही. मी फक्त या भीतीतून गेलेली बाई आहे. खरं तर माझ्यापेक्षा माझा नवरा गेलाय. त्याची परवानगी घेऊन सांगतेय.

"आपण हे कॅन्सल करू या का?"

आमचं लग्न ठरलं तेव्हा सीमांतपूजनाच्या आदल्या संध्याकाळी संगीत ठरलं. मग कोरिओग्राफर आले. ते चांगलेच होते हो, त्यांचा दोष नाही. त्यांनी पावणेचार मिनिटांचं गाणं बसवायला घेतलं. त्यात तीन गिरक्या, एक गुडघ्यावर बसणं आणि शेवटी त्याने मला उचलून फिरवणं. मी खूश! तिसऱ्या क्लासनंतर मात्र हा गप्प झाला. रात्री साडेअकराला फोन आला, "अगं, आपण तो डान्स कॅन्सल करू या का?"

मला राग आला. खरं सांगते, मला वाटलं याला माझ्यासोबत उभं राहायचीच लाज वाटतेय. मी बरंच काही बोलले. तो ऐकत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "सहावीत गॅदरिंगला मी एकटाच उलटा वळलो होतो. पूर्ण हॉल हसला. बाबांनी त्याचं शूटिंग केलं होतं. दर दिवाळीला पाहुणे आले की ती सीडी लागायची. आता ते मोबाइलवर दाखवतात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न स्टेप्सचा नाहीच. हा माणूस वीस वर्षं त्याच स्टेजवर उलटा वळलेला उभा आहे, आणि मी त्याला आणखी अवघड स्टेप्स देतेय.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट. दोघांपैकी एकाला मनापासून नको असेल, तर कपल डान्स न करणं हा पूर्ण चांगला पर्याय आहे. तुमचं लग्न त्यावाचून अडत नाही. पण "नको" आणि "भीती वाटते" यात फरक असतो, तो विचारून घ्या. मी विचारलं. तो म्हणाला, "करायचंय गं. पण हसं नको व्हायला."

गोव्याच्या आंटींनी काय सांगितलं

कॉलेजमधली माझी एक मैत्रीण मडगावची, कॅथलिक. तिच्या लग्नाला मी गेले होते. गोव्यातल्या कॅथलिक लग्नात रिसेप्शनला नवरा-नवरी येतात, टोस्ट होतो, बँड वाजायला लागतो आणि दोघं पहिला डान्स करतात. त्याचं कुणाला फार टेन्शन दिसलं नाही. कोरिओग्राफर नाही, एन्ट्रीला धूर नाही. दोघं एकमेकांना धरून गोल गोल फिरले, थोड्या वेळाने आईवडील आले, मग सगळे. तिला फोन केला, तर तिने फोन तिच्या आईकडेच दिला.

आंटी म्हणाल्या, "तुम्ही लोक परीक्षा का देताय? डान्स म्हणजे दोघांनी गाण्याबरोबर चालायचं. चालता येतं ना त्याला?"

मी म्हटलं, "येतं की!"

"मग झालं. एकच स्टेप शिका. आणि एका मिनिटानंतर सगळ्यांना बोलवा."

त्यांच्याकडे हे इतकं सहज येतं कारण लहानपणापासून प्रत्येक लग्नात, पार्टीत मुलं मोठ्यांबरोबर नाचतात. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत आपण बिनधास्त नाचतो. पण ते घोळक्यात. एकमेकांना धरून, सगळ्यांसमोर, दोघांनीच नाचायची सवय नाही. त्यामुळे लाज वाटली तर त्यात काही गैर नाही. आणि फक्त आपल्यालाच वाटते असंही नाही. वॉल्ट्झ हा युरोपातला जोडीनाच लंडनमध्ये नवा होता तेव्हा, १८१६ साली, तिथल्या 'टाइम्स' या वर्तमानपत्राने त्यावर असभ्य म्हणून टीका केली होती. का? तर जोडीदार एकमेकांना जवळ धरतात म्हणून! तोच वॉल्ट्झ पुढे लग्नातला सगळ्यात सोज्वळ नाच झाला.

तर आम्ही आंटींचं ऐकलं. कोरिओग्राफर सरांना सांगितलं की घरच्यांचे ग्रुप डान्स तुम्हीच बसवा, आमचा तेवढा आम्ही बघतो. आणि तीन आठवडे जे केलं ते आता क्रमाने सांगते.

एक : गाणं कापा आणि मोजा

पावणेचार मिनिटं बघणाऱ्यालाही जास्त होतात. आम्ही गाणं ९० सेकंदांवर आणलं. फोनवरच्या कुठल्याही साध्या एडिटिंग अॅपमध्ये हे होतं. एकच काळजी घ्या. शेवट कचकन तोडू नका, आवाज हळूहळू कमी होऊ द्या.

मग गाण्याचा ताल ओळखा. घाबरू नका, गाणं शिकलेलं असायची गरज नाही. गाणं लावा आणि टाळी वाजवत "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन" म्हणा. प्रत्येक "एक" जोरकस ठोक्यावर पडत असेल, तर ते तीनच्या चालीतलं गाणं. आपला दादरा तसाच, सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. वॉल्ट्झही तीनचाच. म्हणून दादऱ्यातल्या कितीतरी जुन्या भावगीतांवर वॉल्ट्झची स्टेप आरामात बसते. तीनने जुळलं नाही तर "एक-दोन-तीन-चार" करून बघा. जुळलं तर बहुतेक केरवा, म्हणजे आठ मात्रा.

नवशिक्यांना चारची चाल सोपी जाते. कारण साधं आहे. आपल्याला पाय दोन. चार मोजले की प्रत्येक "एक"ला तोच पाय येतो. तीन मोजले की एकदा डावा, एकदा उजवा. आमचं आवडतं गाणं तीनचंच निघालं, म्हणून आम्ही तेच घेतलं. पण तुम्हाला चालणार असेल तर चारचं घ्या.

वेगही बघा. संथ वॉल्ट्झला मिनिटाला साधारण ८४ ते ९० ठोके असतात. व्हिएनीज वॉल्ट्झ त्याच्या दुप्पट, १८०च्या आसपास. तो आपल्या वाट्याला नको.

दोन : एकच स्टेप, घरातल्या फरशीवर

तीनच्या चालीची मूळ स्टेप म्हणजे बॉक्स. हॉलमध्ये दोन बाय दोनच्या फरश्या असतील तर एक फरशी निवडा आणि तिच्या कोपऱ्यांवरून फिरताय असं समजा. मुलाने डावा पाय पुढे, उजवा बाजूला, डावा त्याच्याजवळ. मग उजवा पाय मागे, डावा बाजूला, उजवा त्याच्याजवळ. झाला बॉक्स. मुलीने याचा आरसा करायचा. त्याचा डावा पुढे आला की तिचा उजवा मागे.

पुढे-बाजूला-जवळ, मागे-बाजूला-जवळ. आम्ही भाजी निवडताना सुद्धा हे म्हणत होतो.

धरायचं कसं? त्याच्या डाव्या हातात तिचा उजवा हात. त्याचा उजवा हात तिच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली. तिचा डावा हात त्याच्या दंडावर. आणि अगदी समोरासमोर उभं राहू नका, किंचित एका बाजूला सरका. नाहीतर पायावर पाय पडणारच. खाली बघू नका. खाली बघितलं की डोकं पुढे येतं आणि दोघांची टक्कर होते. हा अनुभवाचा सल्ला आहे!

आता गंमत बघा. आमच्या गाण्याचा वेग मिनिटाला ८८ ठोके होता. ९० सेकंदांत १३२ ठोके. एका बॉक्सला सहा. म्हणजे पूर्ण डान्स किती? २२ बॉक्स. हे मी त्याला कागदावर लिहून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "एवढंच? बावीस?" आभाळाएवढी वाटणारी गोष्ट मोजता आली की ती आटोक्यात येते.

तीन : सुरुवात, शेवट आणि घर

या एपिसोडमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सगळा डान्स पाठ करू नका. तीन जागा पक्क्या करा.

पहिली, सुरुवात. कुठून चालत यायचं, कुठे थांबायचं, गाण्याच्या कुठल्या ठोक्यावर पहिलं पाऊल. पहिले दहा सेकंद डोळे मिटून करता आले पाहिजेत, कारण धडधड तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

दुसरी, शेवट. आमचा शेवट म्हणजे एक सावकाश गिरकी आणि नमस्कार. उचलणं वगैरे काही नाही. भरजरी घागरा, हातात चुडा, खाली कार्पेट, आणि ज्याने आयुष्यात कुणाला उचललं नाही असा माणूस. लिफ्ट पडली तर लग्नाच्या आदल्या दिवशी दवाखाना. शिकवायला माणूस आणि भरपूर वेळ नसेल तर तो नाद सोडा.

तिसरी जागा म्हणजे आम्ही जिला "घर" म्हणायचो. जागच्या जागी, हात धरून, डावीकडे-उजवीकडे नुसतं डुलायचं. काहीही चुकलं की घरी यायचं. विसरलं? घरी या. पाय अडकला? घरी या. पुढचा "एक" ऐकू आला की पुन्हा बॉक्स सुरू. लोक चुकीला घाबरतात असं नाही. चुकल्यावर काय करायचं ते माहीत नसतं, त्याला घाबरतात. त्यामुळे आम्ही चुकण्याचीही प्रॅक्टिस केली. मी मध्येच मुद्दाम थांबायचे आणि तो आम्हाला घरी न्यायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या खांद्यातला ताठपणा गेलेला हाताला कळला.

चार : रोज १५ मिनिटं, आणि त्याच कपड्यांत

रविवारी तीन तास आणि मग आठवडाभर काही नाही, असं करू नका. थोडं थोडं, रोज. आम्ही २० दिवस रोज १५ मिनिटं केलं, म्हणजे एकूण पाच तास. ज्या दिवशी भेटता आलं नाही, त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आपापल्या फरशीवर. मधल्या झोपेतही मेंदू हालचाली पक्क्या करत असतो, म्हणून काल न जमलेलं आज अचानक जमतं.

शेवटच्या आठवड्यात खऱ्या कपड्यांत करा. निदान खऱ्या चपला-बुटांत. मोजडी गुळगुळीत असते, हील कार्पेटमध्ये रुतते, घागऱ्याचा घेर त्याच्या पायाखाली येतो. हे सगळं त्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आम्हाला कळलं की बॉक्स छोटा करायला हवा. मेंदीची वेळही बघून ठेवा. ओल्या मेंदीचा हात त्याच्या शेरवानीवर ठेवून बघा म्हणजे कळेल!

फोनवर स्वतःचं शूटिंग करा, पण दिवसातून एकदाच बघा आणि एकच सुधारणा शोधा. आम्ही तर पहिले दहा दिवस कॅमेरा लावलाच नाही. कारण तुम्हाला माहीत आहे.

आणि डीजेवाल्या दादांना आधी भेटा. कापलेलं गाणं पेनड्राइव्हवर द्या, शिवाय एका मैत्रिणीच्या फोनमध्ये ठेवा आणि तो फोन फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर ऐन गाण्यात "हॅलो, हॉल कुठे आला?" असा कुणाचा तरी कॉल स्पीकरवर. गाणं कोण सुरू करणार आणि कुठल्या खुणेवर, हे एकाच माणसाकडे सोपवा. धूर सोडणार असतील तर विचारून घ्या, कारण त्यात पाय आणि फरशी दिसत नाही. आम्ही नको म्हटलं.

पाच : धडधडीचं काय करायचं?

आता मनाचं. सगळे सांगतात, "शांत हो, शांत हो." सांगून कुणी शांत झालंय का कधी? हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात लोकांना कॅराओकेवर गायला लावलं. गाण्याआधी काहींनी मोठ्याने म्हणायचं, "मी घाबरलोय." काहींनी म्हणायचं, "मी एक्सायटेड आहे." एक्सायटेड म्हणणाऱ्यांचं गाणं जास्त अचूक झालं. कारण भीती आणि उत्साह दोन्हीत शरीर सारखंच वागतं. छाती धडधडते, हात गार पडतात. त्या धडधडीला बंद करणं अवघड, तिचं नाव बदलणं सोपं. आम्ही स्टेजमागे एकमेकांना म्हटलं, "मी जाम एक्सायटेड आहे." आधी हसू आलं. ते हसूही कामी आलं.

दुसरं, श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवा. चार मोजत घ्या, सहा-सात मोजत सोडा. पाच-सहा वेळा पुरे.

तिसरं, "सगळे आपल्याकडेच बघतायत." कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून लोक बसलेल्या खोलीत पाठवलं आणि विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात आलं साधारण पाव लोकांच्या. आपल्या डान्समध्ये लोक आपल्याकडे बघतात हे खरं. पण आपली पुढची स्टेप काय होती हे फक्त आपल्या दोघांनाच माहीत असतं. मग चुकलं हे कळणार कुणाला?

आणि एक बोलणं

एवढं सगळं करूनही त्याचं एक काम उरलं होतं. ते मी करू शकत नव्हते. संगीतच्या आठ दिवस आधी तो बाबांशी बोलला. "बाबा, तो गॅदरिंगचा व्हिडिओ आता कुणाला दाखवू नका. मला त्याची कधीच गंमत वाटली नाही."

बाबा म्हणे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं तुलाही मजा येते. तू हसायचास ना."

"सगळे हसत होते म्हणून हसायचो."

तुमच्या भीतीच्या मागे असं एखादं माणूस, एखादी आठवण असेल, तर ते बोलणं आधी करून टाका. हजार वेळा बॉक्स करून ते सुटत नाही.

त्या दिवशी

एन्ट्री झाली. पहिले दहा सेकंद पाठ होते, ते गेले. साधारण चाळिसाव्या सेकंदाला माझ्या ओढणीची लेस त्याच्या शेरवानीच्या बटणात अडकली. पूर्ण अडकली. माझ्या पोटात गोळा! आणि हा माणूस, सहावीतला तो उलटा वळलेला मुलगा, कानाशी म्हणाला, "घरी." आम्ही डुलत राहिलो. त्याने सावकाश लेस सोडवली, पुढचा "एक" येऊ दिला आणि पाऊल टाकलं.

नंतर मावशी म्हणाली, "ती ओढणी सोडवायची स्टेप काय गोड बसवली होती गं!"

एका मिनिटाने माइकवरून सगळ्यांना बोलावलं, आंटींनी सांगितलं होतं तसं. गर्दीत आम्ही दोघं दिसेनासे झालो आणि खरी मजा तिथून सुरू झाली. सगळ्यात आधी पुढे आले ते बाबा, आईंचा हात धरून. त्यांचे पाय तालात नव्हते. फोन खिशात होता.

तर मंडळी, गाणं छोटं, स्टेप एक, सुरुवात-शेवट पक्के आणि चुकल्यावर जायला घर. एवढं झालं की मग एकमेकांकडे बघायला वेळ मिळतो, आणि तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणाचं लग्न ठरलं असेल आणि ते सध्या गप्प गप्प असतील, तर त्यांना हा एपिसोड पाठवा. आणि आज रात्री एक फरशी निवडा. पुढे-बाजूला-जवळ. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!